सगळे उभे राहिले तेव्हा

प्रिय प्रश्नोबा,

चाळिशी उलटलेल्या माणसाला, त्यातून निवडणुकीच्या उमेदवाराला, या नावाने हाक मारू नये हे मला कळतं. पण भिंतीवरच्या पोस्टरवर तुझं पूर्ण नाव वाचलं की मला ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटतं. आणि तो फोटो! इतका गंभीर चेहरा केला आहेस की मला आधी वाटलं, तुझं पोट बिघडलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, उमेदवाराने हसायचं नसतं, लोकांना वाटतं आत्ताच निवडून आला." असेल बाई. मला मात्र अजूनही तू तोच दिसतोस, पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून "का?" विचारणारा. त्या 'का'पायी तर काकूंनी तुझं नाव प्रश्नोबा ठेवलं. पुढे हेच 'का' तुला कुठवर नेणार हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

फोन करता आला असता. पण सध्या तू फोन उचलतोस आणि "आई, दोन मिनिटं" म्हणतोस, मागून तुला कोणीतरी हाका मारत असतं आणि दोन मिनिटांत माझं प्रकृतीचंसुद्धा सांगून होत नाही. तर सगळं ठीक आहे. सांधे कुरकुरतात, झोप बरी लागते. तुझ्या बाबांच्या दाढेवर कॅप बसवायची होती, ती काल बसली. त्याची वेगळीच गोष्ट आहे, पुढे सांगते. आपल्या इमारतीची लिफ्ट परत बंद होती. लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझे बाबा अजून लिफ्टमध्ये शिरताना आधी आतली पाटी वाचतात, मग आतल्या माणसांकडे बघतात आणि मनातल्या मनात वजनाचा अंदाज घेतात. परवा वरच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही पुढच्या फेरीला या." त्या बाई तेव्हापासून जिन्याने जातात. माझ्याशीही बोलत नाहीत.

आता मुद्द्याचं. प्रार्थनागृहात काय झालं ते तुझ्यापर्यंत आलंच असणार. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी तुझ्या पक्षाच्या पोरांचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. "इन्स्पेक्टरकाका आपल्याकडे आले! बापाने मुलाला साथ दिली!" सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. एक जण तर म्हणत होता, पत्रकात टाकू या. मी तिथेच उभी होते, खोकल्याचं औषध घेत. मला कोणी ओळखलं नाही, हेही एक बरंच. तर झालं ते जसं झालं तसं लिहिते. शेवटपर्यंत वाच. तुला लहानपणापासून कोणत्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायची खोड आहे, ती या वेळी आवर.

तू प्रार्थनेला येणं सोडलंस त्याला आता बराच काळ झाला, म्हणून आपल्याकडचा रिवाज आठवण करून देते. आपल्याकडे ठरावाला हात वर करत नाहीत, चिठ्ठ्या टाकत नाहीत. प्रार्थना झाली की ती सांगणारे थोरले काका ठराव वाचतात, मग सगळे डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसतात आणि ज्याचं मन मान्य करतं तो उभा राहतो. सगळे उभे राहिले तर ठराव झाला. एक जरी बसून राहिला तरी ठराव नाही. आणि बसलेल्याला कारण विचारायचं नाही, कारण ते त्याचं आणि देवाचं असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी एवढीच सवलत, की गुडघे चालत नसतील तर त्यांनी काठी वर करायची, ते उभे धरले जातात. लहानपणी तू मला विचारलं होतंस, "काठी घरी विसरली तर देवाला कळणार नाही का?" आणि मी तुला चिमटा काढला होता. लग्न होऊन आले तेव्हा मला हा रिवाज फार आवडला. माहेरी आमच्या घरात वडील बोलतील तेच खरं, आणि इथे एक साधी गवंड्याची विधवा बसून राहिली म्हणून नव्या दरवाजाचा ठराव बारगळलेला मी डोळ्यांनी पाहिला. मला वाटलं, किती चांगल्या ठिकाणी आले मी. पण खरं सांगू? इतक्या वर्षांत बसून राहणारे कमी कमी होत गेले. सगळे उठतात म्हणून सगळे उठतात. मीही उठायची. त्यात वाईट असं काही नव्हतं. ठराव असायचे छप्पर गळतंय ते बुजवण्याचे, नाहीतर नव्या सतरंज्यांचे. सतरंजीविरुद्ध कोण बसून राहणार?

मग तुमचं ते बसचं सुरू झालं. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू म्हणालास, प्रार्थनेच्या वारीही आपल्या भागातून बस चालली पाहिजे, माणसं काय वार बघून आजारी पडतात का. हे मला पटलं होतं, मी तेव्हा बोलले नाही तरी. काकूंचे यजमान पलीकडच्या इस्पितळात होते तेव्हा प्रार्थनेच्या वारी त्या एवढ्या लांब चालत जायच्या, सुजलेल्या पायांनी, आणि परत आल्या की आमच्याच स्वयंपाकघरात बसून पाय पाण्यात सोडायच्या. पण तू तिथेच थांबला नाहीस. आता मी प्रार्थनेला येणार नाही, माझा विश्वासच राहिलेला नाही, हेही त्याच दमात सांगितलंस. एका घासात दोन घास. तुझे बाबा काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बसचं ठीक आहे, त्यावर भांडू. दुसऱ्यावर मी काही बोलणार नाही." आणि मग बसवरही बोलले नाहीत. कशावरच बोलले नाहीत. तुला वाटलं, ते रागाने. मी त्यांच्या शेजारी झोपते, मला माहीत आहे, तो राग नव्हता. आपण जे प्राणापलीकडे जपलं ते मुलाच्या हातात द्यायला गेलो आणि त्याने हात मागे घेतला, असं झालं होतं त्यांना. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांच्या तारा जोडल्या. पण दोन्हीकडचे रिसीव्हर ठेवून बसले असतील तर ऑपरेटर तरी काय करणार?

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मागच्या महिन्यात तुझी कोपरासभा होती ना, बेकरीसमोर, तेव्हा मी आले होते. मागे उभी होते, पावाची पिशवी हातात धरून, म्हणजे कोणी विचारलं तर पाव घ्यायला आले म्हणता यावं. बोलतोस छान. पण मला मधूनच हसू यायला लागलं. आधी हळू आवाज, मग एक थांबा, मग बोट वर, मग तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा वरच्या पट्टीत. अरे, हे तर थोरले काका! तोच ताल, तोच थांबा. "कोणीही मागे राहता कामा नये" म्हणालास, ते तर लहानपणी पाठ केलेल्या प्रार्थनेतलंच आहे. देव तेवढा काढलास, बाकी सगळं होतं तसं ठेवलंस. चिडू नकोस. मला फार बरं वाटलं ते ऐकून. घरी येऊन मी हे कोणाला सांगितलं नाही.

माझं स्वतःचं म्हणशील तर श्रद्धेचं आणि राजकारणाचं नातं मला कॉन्व्हेंटमध्ये कळलं, म्हणजे थोडंफार. आमच्या भूगोलाच्या सिस्टर होत्या, उंच, करड्या, नकाशावर छडी आपटणाऱ्या. निवडणुकीच्या दिवशी सगळ्या सिस्टर एका रांगेत मत द्यायला जायच्या. पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या घड्या तशाच. रस्त्यावरचे लोक म्हणायचे, झालं, मदर सांगतील तिथे यांचे सगळे शिक्के. आम्ही मुली आगाऊ, वर्गात विचारलंच. सिस्टर लाल झाल्या. मग म्हणाल्या, "रांगेत आम्ही एकत्र जातो, कारण रस्ता ओलांडायला मदरना भीती वाटते. पडद्याआड मी एकटी असते. तिथे देवही बाहेर थांबतो." मग छडी आपटून म्हणाल्या, "आता वाळवंटं काढा." आम्हाला तेव्हा त्यातली मदरची भीतीच मजेशीर वाटली होती. देव बाहेर थांबतो म्हणजे काय, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मला वाटतं, त्यांना म्हणायचं होतं की देवाने इतकी वर्षं शिकवल्यावर तो काही तुमचा हात धरून शिक्का मारणार नाही. शिकवलेलं आत असतंच. मी जेव्हा जेव्हा मत दिलं तेव्हा श्रद्धेनेच दिलं. काकूंच्या सुजलेल्या पायांकडे बघायला मला दुसऱ्या कोणी शिकवलं? पण कोणाच्या सांगण्यावरून दिलं नाही.

आता डॉक्टर. तुझे विरोधक म्हणून तुला ते कसे दिसतात कोण जाणे, पण आपल्याकडे दातांचे डॉक्टर म्हणजे फार मान. आणि माणूस खरोखर चांगला आहे, हे तू सभेत म्हणणार नाहीस म्हणून मी इथे लिहिते. अनाथाश्रमातल्या मुलांचे दात ते फुकट बघतात आणि कोणाला सांगत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते खोटं नसतं. अडचण एवढीच की प्रार्थनागृहातल्या अर्ध्या लोकांचे दात त्यांनीच काढलेत. त्यांच्यासमोर तोंड उघडायची सगळ्यांना सवय आहे, पण बोलायची नाही. तर डॉक्टर उभे राहिले निवडणुकीला, श्रद्धेचं रक्षण करायला. इथवर ठीक. पण मग त्यांच्या भोवतीच्या माणसांनी एक ठराव लिहून आणला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, आपलं सगळं प्रार्थनागृह एकमुखाने डॉक्टरांच्या पाठीशी आहे. दोन, जो प्रार्थनेच्या वारी बस चालवायला सांगतो तो आपल्यातला नाही आणि कधी नव्हता.

नाव लिहिलं नव्हतं. पण सगळ्या गावाला माहीत होतं ते कोणाबद्दल आहे. 'आपल्यातला नाही' हे मी कदाचित गिळलं असतं, तूच म्हणतोस तसं. पण 'कधी नव्हता'? मांडीवर झोपायचास माझ्या तिथल्या बाकावर. तिथल्या खिडकीच्या चौकटीवर तुझे दात उमटलेत, दात येत होते तेव्हाचे. आणि या ठरावासाठी मला उभं राहायचं होतं, सगळ्यांबरोबर, तोंडाने एक अक्षर न बोलता. बसून राहिले असते तर ठराव पडला असता. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा ज्या बायका पाळी लावून माझ्या उशाशी बसल्या त्यांनी पुन्हा माझ्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघितलं असतं? म्हातारपणी माणसाला दुसरं काय असतं रे? चार ओळखीचे खांदे आणि एक बाक. मी आठवडाभर हाच विचार करत होते. तुझ्या बाबांना विचारायची हिंमत झाली नाही. ते तर प्रार्थनागृहातले सगळ्यांत कडक. थोरल्या काकांच्याही उच्चारातल्या चुका काढणारे. मी धरूनच चालले होते की ते उभे राहणार, पहिले उभे राहणार. आणि त्यानंतर आम्ही दोघं एका घरात कसे राहणार, याची मला त्या बायकांपेक्षाही जास्त भीती वाटत होती. त्या आठवड्यात ते रोज सकाळी गुडघ्याचे व्यायाम करत होते. मला वाटलं, बघा, तयारी चालली आहे.

त्या दिवशी प्रार्थनागृह इतकं भरलं होतं की छत्र्यांच्या कोपऱ्यातही माणसं उभी होती. आम्ही बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. माझ्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला थोरल्या काकांची सून. ठराव वाचला गेला. 'कधी नव्हता' म्हणताना थोरल्या काकांचा आवाज जरा घसरला, असं मला वाटलं. त्यांनीच तुला अक्षरं शिकवली होती. मग सगळे गप्प झाले. मी डोळे मिटले आणि बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडली. ठरवलं होतं मी. बसायचं. होऊ दे काय व्हायचं ते. मग तो आवाज आला, सगळे उभे राहतात तेव्हाचा, कपड्यांचा आणि लाकडाचा. काकूंचा पदर माझ्या गालावरून वर गेला. मी बसून राहिले. कान तापले. आता कोण काय म्हणतंय याची वाट बघत मी डोळे मिटून बसले होते, आणि कोणी काहीच म्हणेना. माझ्या बाजूला शुकशुकाट, पण उजवीकडे कुजबुज. एक डोळा उघडून बघितलं. सगळे त्या बाजूला माना वळवून उभे, आणि त्या सगळ्या उभ्या माणसांच्या मधे एक खड्डा. त्या खड्ड्यात तुझे बाबा. बसलेले. हात मांडीवर.

पुढचं ऐक, कारण हे तुझी पोरं सांगणार नाहीत. लोकांना वाटलं, गुडघा! मागच्या बाकावरच्या दोघांनी पुढे होऊन त्यांना काखेत हात घालून उचलायला घेतलं. "काका, सावकाश, सावकाश." हे म्हणाले, "सोडा. गुडघा ठीक आहे." त्यांना ऐकू गेलं नाही, त्यांनी आणखी जोर लावला. "अरे सोडा, शर्ट फाटेल!" मग खजिनदारांना सुचलं, काठी. त्यांनी यांची खाली पडलेली काठी उचलून यांच्या हातात दिली आणि कानाशी म्हणाले, "काका, नुसती वर करा, बास." तुझ्या बाबांनी काठी घेतली, नीट बघितली आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर अडकवून ठेवली. मग मात्र सगळ्यांना कळलं.

रिवाजाप्रमाणे तिथेच संपायला हवं होतं. पण डॉक्टरांना राहवलं नाही. बिचारे पांढरे पडले होते. म्हणाले, "काका, तुम्ही? तुम्हाला काय खुपलं यात?" आता विचारलंच म्हटल्यावर हे सोडतात होय! बसल्या जागेवरूनच म्हणाले, "डॉक्टर, इथे आपण जिवंत माणसाचं नाव घेतो ते फक्त तो आजारी असला तर. नाहीतर तो गेल्यावर. तुम्ही तर मला धडधाकट दिसताय." मागच्या रांगेत एक बाई फिसकन हसली. "आणि आपला कोण, परका कोण, हे वरच्याने ठरवायचं. मी लिफ्टवाला माणूस. मला फार तर किती जण मावतात ते सांगता येतं. इथे अजून जागा आहे." एवढंच. आवाजही चढवला नाही. थोरल्या काकांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बसलेल्याला कारण विचारत नसतात. सगळे खाली बसा." आणि सगळे बसले. मला विचारशील तर पुष्कळजण जरा घाईनेच बसले, उन्हातून सावलीत आल्यासारखे. काकूंनी माझा हात दाबला आणि तसाच धरून ठेवला. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! त्या बायका, तो बाक, माझं घर, तू, सगळं जागच्या जागी राहिलं होतं.

पण एक गंमत झाली. मी पण बसून राहिले होते, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही! इतकं मन घट्ट केलं, आठवडाभर झोप घालवली, आणि सगळं श्रेय ते घेऊन गेले. परत येताना मी रस्त्यात विचारलं, "तुम्ही बसणार होतात तर मला सांगितलं का नाहीत?" म्हणाले, "तू तरी कुठे सांगितलंस?" म्हणजे त्यांनी पाहिलं होतं! मी म्हटलं, "पाहिलंत तर मग तुम्हाला काय वाटलं?" तर म्हणतात, "मला वाटलं तुझी पाठ धरली." मी तिथेच रस्त्यात उभी राहून हसत सुटले, आणि हसता हसता रडायला लागले. ते आपले इकडेतिकडे बघत रुमाल पुढे करत उभे. त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, पण तिच्याआधी दाढेचं सांगू दे.

तर काल डॉक्टरांकडे वेळ घेतलेली होती, ठरावाच्या आधीच. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाकडे जा. "का? दाढ तीच आहे, डॉक्टर तेच आहेत." गेले. मीही गेले बरोबर, न जाणो. डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, तोंडात कापूस भरला आणि मग, यांना बोलता येत नाही अशा वेळी, म्हणाले, "काका, त्या दिवशी मला रात्रभर वाईट वाटलं. मग वाटलं, बरंच झालं. माझ्या नावावर इतके लोक उभे राहिलेले बघून मला आत कुठेतरी फार गोड वाटलं होतं. आणि ते प्रार्थनागृहात." कॅप बसवून झाली. "चावून बघा." हे म्हणाले, "किंचित उंच आहे." डॉक्टरांनी घासली. "आता?" "आता बरोबर आहे." दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. माझ्या डोळ्यांदेखत एवढंच झालं. पण जिना उतरताना मला वाटलं, या दोघांना एकमेकांशी पुन्हा नीट बोलता येईल. देव मानणाऱ्या माणसांची ही एक सोय असते बघ, चूक कबूल करायला त्यांना वरचा कोणीतरी साक्षीला असतो. तुम्हा लोकांना ते एकट्यानेच करावं लागतं, म्हणून मला तुमची थोडी काळजी वाटते.

आता ते राहिलेलं. हे पत्र मी माझ्या मनाने लिहायला घेतलेलं नाही. तुझ्या बाबांनी लिहायला सांगितलं आहे. त्या दिवशी रस्त्यात माझं रडू थांबल्यावर ते म्हणाले, "मत मी डॉक्टरांनाच देणार आहे." मी म्हटलं, "का?" म्हणाले, "आठवड्यातला एक दिवस तरी गावाने थांबावं असं मला मनापासून वाटतं. इस्पितळासाठी वेगळी गाडी ठेवा, पण थांबावं. त्याला तसं वाटत नाही. हा आमचा मतभेद आहे आणि मतभेदाला मत देतात. मुलगा म्हणून दिलं तर ते मत कसलं?" परवा पोरांचं बोलणं मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते कासावीस झाले. "त्याला कळव. माझं मत त्याने धरू नये. खोट्या भरवशावर माणूस उभा नको. आणि पत्रच लिही, फोनवर तो मधेच वाद घालेल." तर कळवलं. तुझ्या पत्रकात त्यांचं काही छापू नकोस. एक मत तुझं कमी आहे असं समज. माझ्याबद्दल मात्र काही विचारू नकोस, मी सांगणार नाही, तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. आत्ता दुपारची वेळ आहे, ते समोर वर्तमानपत्र उघडून बसलेत आणि पान काही उलटत नाहीत. आत्ताच विचारलं, "मत देणार नाही हे स्पष्ट लिहिलंस ना?" म्हटलं, लिहिलं. "गोल गोल नाही ना?" म्हटलं, अगदी सरळ लिहिलंय. मग कुठे त्यांनी पेपरचं पान उलटलं. आणि आत्ता म्हणतात, "मग आता त्याला विचार, जेवायला कधी येतोय."

तुझीच, आणि त्यांचीही,
आई